‘दुखतंय’ हे त्याला घरी मोकळेपणाने सांगता आलं पाहिजे

प्रश्न थोडक्यात : न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहोत. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. बेसबॉल खेळतो. उजव्या हाताचा पिचर (म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज), फास्टबॉलचा वेग ताशी ८८ ते ९० मैल. मार्च ते जून शाळेचा संघ, उन्हाळाभर ट्रॅव्हल टीम (शाळेबाहेरचा, गावोगावी स्पर्धा खेळणारा संघ), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शोकेस (खेळाडू हेरणाऱ्यांसमोर कौशल्य दाखवायचे मेळावे) आणि हिवाळ्यात वेग वाढवण्याचा इनडोअर क्लास. एका सल्लागाराने सांगितलंय की बारावीनंतर ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक क्लब दरवर्षी फेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात, त्यात) त्याची निवड होऊ शकते आणि करारावर सही केल्याबद्दल दीड लाख डॉलरपर्यंत बोनस मिळू शकतो. मुलाला कॉलेज न करता थेट क्लबच्या करारावर सही करायची आहे. वडिलांचं म्हणणं, आता खेळ पुरे, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) आणि इंजिनिअरिंगकडे लक्ष दे. शिवाय ‘बेसबॉलपायी एकदा जरी डॉक्टर गाठावा लागला तरी खेळ बंद’. नाशिकचे आजी-आजोबा फोनवर भारतातून अमेरिकन बेसबॉलमध्ये गेलेल्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल यांचे दाखले देतात. गेले दोन महिने सामन्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं, हे मुलाने फक्त आईला सांगितलंय. कोच म्हणतात, सगळ्याच पिचरांना दुखतं. आईचा प्रश्न : सही करू द्यावी की कॉलेजचा आग्रह धरावा?

उत्तर :

तुमच्या पत्रात ‘सही की कॉलेज’ दीड पान आहे आणि कोपराचं दुखणं दोन ओळींत उरकलंय. उत्तरात हे प्रमाण उलटं करावं लागेल. सहीचा प्रश्न यायला अजून वर्ष-दीड वर्ष आहे, आणि तो आलाच तर तेव्हा हातात आकडे असतील. कोपराचा प्रश्न याच आठवड्यातला आहे.

आधी ते कोपर. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा हात जवळपास सरळ राहावा लागतो. चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की चेंडू अवैध. पिचिंगमध्ये नेमकं उलट घडतं. हात मागे जातो तेव्हा कोपर साधारण काटकोनात दुमडलेलं असतं, धड पुढे वळतं आणि मनगटापर्यंतचा हात मागे राहतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकू पाहते. तिला धरून ठेवणारा मुख्य पट्टा म्हणजे अल्नर कोलॅटरल लिगामेंट, खेळाडूंच्या तोंडी ‘यूसीएल’. बाजूचे स्नायू त्याचा भार वाटून घेतात. स्नायू थकले की तो सगळा भार लिगामेंटवर येतो आणि व्यायामाने लिगामेंट स्नायूंसारखं बळकट करता येत नाही. म्हणून ‘वेग चांगला आहे, ताकद आहे, मग काय होणार’ हा हिशेब इथे चालत नाही. जितका वेग जास्त, तितका प्रत्येक चेंडूला ताण जास्त.

कोच म्हणतात ते अर्धं खरं आहे. सामन्यानंतर खांद्यामागे किंवा दंडात पसरलेली ठणक येते आणि दिवस-दोन दिवसांत जाते. ती स्नायूंची, तिला घाबरायचं कारण नाही. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी, कोपराच्या आतल्या हाडालगत, दोन महिने पुन्हा पुन्हा दुखणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला आणखी काही विचारा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात का? सकाळी कोपर पूर्ण सरळ होतं का? हात गरम व्हायला पूर्वीपेक्षा जास्त चेंडू लागतात का? चौथ्या-पाचव्या इनिंगनंतर (बेसबॉलच्या एका सामन्यात अशा अनेक छोट्या पाळ्या असतात) चेंडू नकळत वर-वर जायला लागतो का? सामन्याआधी तो वेदनाशामक गोळी घेतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कधीकधी’ असेल तर ते ‘हो’ समजा. गोळी घेतली की दुखणं कळेनासं होतं, कोपरावरचा ताण आहे तेवढाच राहतो.

आता तुमच्या घरातली एक अट पाहा. ‘डॉक्टर गाठावा लागला तर खेळ बंद.’ वडिलांनी ती काळजीपोटीच घातली असणार. पण सोळा वर्षांच्या मुलाने तिचा अर्थ असा घेतला : दुखणं कबूल केलं की सगळं संपलं. म्हणून तो दुखणं अंगावर काढतोय. मैदानात कोचला सांगावं तर संघातली जागा जाते, घरी बाबांना सांगावं तर खेळच जातो. ज्या अटीने त्याला सांभाळायचं होतं, तिनेच दुखापत लपवायला शिकवलं. पत्रातली एकच गोष्ट आज बदलता येणार असेल तर ही अट बदला. आणि ते बाबांच्याच तोंडून त्याला कळू द्या : दुखतंय म्हणून सांगितल्याबद्दल या घरात काहीही काढून घेतलं जाणार नाही, लपवलंस तर मात्र माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, जायचं नाही. तुम्ही बाबांपासून हे लपवत राहिलात तर तुम्हीही त्याच्या लपवाछपवीत सामील होता. तेव्हा आधी तुम्ही दोघं बोला, मग तिघं.

तपासणीबद्दल. साध्या दवाखान्यातून ‘विश्रांती घ्या’ एवढंच ऐकून परत येऊ नका. थ्रो करणाऱ्या खेळाडूंचे खांदे-कोपर नेहमी पाहणारा स्पोर्ट्स मेडिसिनचा ऑर्थोपेडिक डॉक्टर शोधा. तो हाताने कोपर वाकवून, बाहेरच्या बाजूला ताण देऊन पाहील, एक्स-रे काढेल आणि शंका वाटली तर एमआरआय सांगेल. कधी सांध्यात डाय सोडूनही करतात, कारण अर्धवट फाटलेलं लिगामेंट साध्या एमआरआयमध्ये निसटू शकतं. त्याला तीन गोष्टी विचारा : लिगामेंट शाबूत आहे, अर्धवट फाटलंय की पूर्ण? हाडाची वाढीची जागा अजून उघडी आहे का? नसेवर दाब आहे का? अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थ्रो पूर्ण बंद, ‘हलक्या हाताने’ सुद्धा नाही. पळणं, पायांचे आणि पोटाचे व्यायाम चालू ठेवता येतात. मुलाचं मन रमायलाही ते बरं.

नुसती सूज किंवा किरकोळ इजा निघाली तर काही आठवडे विश्रांती, फिजिओथेरपी, आणि मग टप्प्याटप्प्याने थ्रो : ४५ फूट, ६० फूट, ९०, १२०. प्रत्येक अंतरावर दोन-तीन दिवस दुखलं नाही तरच पुढचं अंतर; दुखलं तर एक पायरी मागे. माउंड सगळ्यात शेवटी, तिथेही आधी फक्त फास्टबॉल आणि निम्म्या जोराने. यात तीन-चार महिने सहज जातात. बहुतेक मुलं बिघडवतात ती इथेच : ९० फुटांवर बरं वाटलं की सरळ माउंडवर चढतात.

लिगामेंट पूर्ण फाटलं असेल तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी ती १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्यावर पहिल्यांदा केली. मनगटाजवळचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) काढून कोपरात लिगामेंटच्या जागी बसवला. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानंतरचे आहेत. या यशामुळेच मुलांमध्ये समज पसरलाय की शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा दणकट होतो. तसं होत नाही. वेग वाढलेला दिसला तर तो वर्षभराच्या शिस्तीच्या व्यायामाचा असतो. परतायला १२ ते १८ महिने लागतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत तेवढ्यात कॉलेजचे कोच बघायला येण्याचा सगळा काळ निघून जाईल.

आता हे दुखणं आलं कुठून? तुमच्याच पत्रातलं वेळापत्रक पाहा. शाळा, ट्रॅव्हल, शोकेस, हिवाळी क्लास. बारा महिन्यांत हाताला सुट्टी कुठे आहे? अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना केली. वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट निघाली, सामन्यात ८० पेक्षा जास्त चेंडू टाकणाऱ्यांत जवळपास चौपट, आणि हात थकलेला असताना वरचेवर टाकत राहणाऱ्यांत ३६ पट. या तीन आकड्यांतला शेवटचा घरात सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल ही संघटना यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाची मर्यादा आखून दिली आहे. १५-१६ वर्षांच्या मुलाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू. ७५ च्या वर गेला तर चार दिवस विश्रांती, ६१ ते ७५ ला तीन, ४६ ते ६० ला दोन, ३१ ते ४५ ला एक. सतरा पूर्ण झाल्यावर मर्यादा १०५ आणि चार दिवसांची विश्रांती ८१ चेंडूंपासून. वर्षाला १०० इनिंगच्या आत. किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद, त्यातले सलग दोन-तीन महिने डोक्यावरून कुठलाच थ्रो नाही. एकाच वेळी दोन संघांत पिचिंग टाळायचं, आणि पिचर असलेल्या दिवशी कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून उभं राहायचं नाही.

शाळांच्या सामन्यात चेंडू मोजले जातात. २०१७ पासून प्रत्येक राज्याच्या हायस्कूल संघटनेला मर्यादा ठरवावी लागते. घोळ पुढे होतो. शाळेचा कोच शाळेचे चेंडू मोजतो, ट्रॅव्हलचा त्याचे, आणि क्लासवाला कुणाचेच नाही. शिवाय सामन्याआधी बुलपेनमध्ये (हात गरम करायच्या जागेत) तीसेक, पहिल्या इनिंगआधी आठ, नंतर प्रत्येक इनिंगआधी पाच. सहा इनिंग टाकल्या तर कागदावर ९० असलेले चेंडू प्रत्यक्षात दीडशेच्या घरात जातात. म्हणून वही घरी हवी, आणि ती मुलाच्याच अक्षरात हवी : तारीख, सामना की सराव, एकूण चेंडू, दुसऱ्या दिवशी कोपर कसं होतं. डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन महिन्यांचं आठवेल तेवढं लिहून न्या.

हिवाळी क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे : या वर्षी नको. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ ते १८ वयाच्या पिचरांना सहा आठवडे कमी-जास्त वजनाच्या चेंडूंनी सराव दिला. वेग सरासरी ३.३ टक्के वाढला, पण त्या गटातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली. नेहमीच्या चेंडूने सराव करणाऱ्यांत एकालाही नाही. कोपर दुखत असलेल्या मुलाने ताशी तीन मैलांसाठी हा सौदा करू नये.

पण त्याला वेग का हवाय तेही समजून घ्या, नाहीतर तो तुमचं ऐकणार नाही. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२ झाला. शोकेसमध्ये रडार गनवरचा आकडा लगेच इंटरनेटवर चढतो. मुलं त्या आकड्यासाठी प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतात. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर काढलेल्या अहवालात यावरच बोट ठेवलंय. सोळाव्या वर्षी ८८-९० हा खरोखर चांगला वेग आहे. पण स्काउट (क्लबसाठी खेळाडू हेरणारे) त्याशिवायही बरंच बघतात : फास्टबॉलखेरीज दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारचा चेंडू विश्वासाने टाकतो का, फलंदाज वरचढ होत असताना स्ट्राइक (अचूक जागेतला चेंडू) टाकता येतो का, शरीर अजून भरायचंय का. चेंजअप (फलंदाजाला फसवणारा हळू चेंडू) शिकायला हा विश्रांतीनंतरचा काळ उत्तम. पकड बदलायची, हाताचा वेग फास्टबॉलचाच ठेवायचा, चेंडू आठ-दहा मैल हळू जातो आणि कोपरावर फास्टबॉलपेक्षा कमी ताण येतो.

आता सहीकडे येऊ. दीड लाख हा आकडा आला कुठून ते सांगते. ड्राफ्ट आता २० फेऱ्यांचा असतो. दहाव्या फेरीनंतर निवडलेल्या खेळाडूला दीड लाख डॉलरपर्यंत दिले तर ते क्लबच्या ठरलेल्या बोनस-रकमेत धरले जात नाहीत. म्हणून हा आकडा सगळ्या सल्लागारांच्या तोंडी असतो. ती क्लबच्या सोयीची वरची मर्यादा आहे, तुमच्या मुलाच्या किमतीचा अंदाज नव्हे.

समजा दीड लाख मिळालेच. सल्लागाराचे तीन ते पाच टक्के आणि कर वजा जाता लाखाच्या आसपास हातात. पुढे पगार. मायनर लीग (मेजर लीगखालच्या पायऱ्या) खेळाडूंच्या २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात सगळ्यात खालच्या कॉम्प्लेक्स लीगला वर्षाला १९,८०० डॉलर, सिंगल-ए ला २६,२००, डबल-ए ला ३०,२५०, ट्रिपल-ए ला ३५,८०० असे आकडे ठरले. मेजर लीगचा किमान पगार २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार. दरी केवढी आहे बघा, आणि ती ओलांडायला जागा किती : ३० क्लब, प्रत्येकाच्या २६ जणांत जास्तीत जास्त १३ पिचर, म्हणजे ३९० जागा. दर क्लबकडे खाली १६५ पर्यंत मायनर खेळाडू, त्यात पिचर भरपूर. वर पोचल्यावरही पगाराचा वाद लवादापुढे नेण्याचा हक्क साधारण तीन वर्षांच्या सेवेनंतर आणि मुक्तपणे क्लब निवडण्याचा सहा वर्षांनंतर. सेवेचं एक वर्ष म्हणजे वरच्या संघात १७२ दिवस. अठराव्या वर्षी सही करणारा पिचर सगळं नीट झालं तरी तिशीच्या उंबरठ्यावर मोठ्या पैशांपर्यंत पोचतो.

म्हणून ‘हो की नाही’ यावर भांडू नका, ‘किती’ यावर बसा. तुमच्या पसंतीच्या कॉलेजचा चार वर्षांचा संपूर्ण खर्च काढा, त्यातून मिळू शकणारी स्कॉलरशिप वजा करा. मग तिघांनी मिळून करानंतरचा एक आकडा ठरवा, ज्याच्या खाली सही नाही. हा आकडा ड्राफ्टच्या आधी, शांत डोक्याने ठरायला हवा, कारण जुलैमध्ये फोन येतो तेव्हा उत्तराला मिनिटं मिळतात. सही केलीच तर कॉलेज स्कॉलरशिप प्लॅन करारातच लिहून घ्या : किती सेमिस्टर, दर सेमिस्टरला किती डॉलर आणि खेळ सोडल्यावर किती मुदतीत प्रवेश घ्यावा लागेल. सहीनंतर कुणी ते वाढवून देत नाही.

मुलाच्या मनात आणखी एक गैरसमज आहे, कॉलेजला गेलो म्हणजे व्यावसायिक बेसबॉल संपलं. काइल हेंड्रिक्स या पिचरचं नाव त्याला माहीत असेल. २००८ मध्ये हायस्कूलनंतर त्याला ३९ व्या फेरीत निवडलं होतं. सही न करता तो डार्टमथ कॉलेजला गेला, अर्थशास्त्र शिकला, २०११ मध्ये आठव्या फेरीत पुन्हा निवडला गेला. ९० मैलांच्या आतल्या फास्टबॉलवर त्याने २०१६ मध्ये २.१३ ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) ठेवून मेजर लीगच्या दोन्ही विभागांत पहिला नंबर मिळवला आणि त्याच वर्षी शिकागो कब्जसाठी वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात पहिला पिचर म्हणून उतरला. कुमार रॉकर हा पिचर, आईकडून भारतीय वंशाचा, २०१८ मध्ये ३८ व्या फेरीत निवडला गेला आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण वैद्यकीय तपासणीनंतर करार झाला नाही. २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेऊन ५२ लाख डॉलर दिले. २०२३ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया, सप्टेंबर २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये पदार्पण. बाबांना आणि मुलाला दोघांनाही हा क्रम दाखवा. कॉलेजमुळे त्याची किंमत वाढली, आणि तपासणीच्या एका अहवालाने पक्का वाटणारा करार अडला. दुखणं लपवून सहीपर्यंत पोचणं अवघड असतं. क्लबचे डॉक्टर आधी तपासून घेतात.

आजी-आजोबांना एवढंच सांगा : रिंकू आणि दिनेश भालाफेक करणारे होते, २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना घेतलं हे मोठंच कौतुक, पण दोघांपैकी कुणी सिंगल-ए च्या वर गेलं नाही आणि रिंकूची शेवटची वर्षं दुखापतींत गेली.

चार वर्षांच्या कॉलेजला गेल्यास पुन्हा ड्राफ्ट तिसऱ्या वर्षानंतर किंवा एकविसाव्या वर्षी. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजमधून दरवर्षी पात्र राहता येतं, त्यामुळे दुखापतीमुळे अकरावी-बारावी वाया गेलेल्या पिचरला तो रस्ता वाईट नाही. कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, डिव्हिजन-१ मध्ये, खेळायला हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य) विषय आणि किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, म्हणजे बाबांचा अभ्यासाचा आग्रह आणि मुलाचं स्वप्न इथे एकाच दिशेने जातात. आयव्ही लीग (डार्टमथसारखी नामवंत विद्यापीठं) आणि डिव्हिजन-३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, गरजेनुसार आर्थिक मदत मिळू शकते. कोचने तोंडी दिलेल्या शब्दावर विसंबू नका, मदतीचा लेखी करार मागा. आणि त्या सल्लागाराला क्लबशी बोलायची परवानगी किंवा पैसे देण्याआधी संबंधित कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाडूंच्या पात्रतेचे नियम पाहणाऱ्या विभागाला) ईमेलवर विचारा. एजंटच्या नियमांत चूक झाली तर कॉलेजमध्ये खेळण्याची पात्रताच धोक्यात येते.

या आठवड्यापुरतं : शोकेस असेल तर नाव मागे घ्या, फी बुडाली तर बुडू द्या. शाळेच्या आणि ट्रॅव्हलच्या दोन्ही कोचना एकच ईमेल पाठवा, ‘कोपराच्या आतल्या बाजूला दोन महिने दुखतंय, डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत तो थ्रो करणार नाही.’ खाली आई आणि बाबा, दोघांचीही नावं घाला. बोटांत मुंग्या येत असतील किंवा टाकताना कोपरात ‘टक्’ असा आवाज झाल्याचं त्याने सांगितलं, तर पुढच्या आठवड्यातल्या अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखान्यात फोन करून लवकरची वेळ मागा.